संगणकाच्या पोटातली वही



आजचा विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. ग्रामसंघाच्या, प्रभागसंघाच्या कार्यालयात आता संगणक आलेत. नवा असतो तेव्हा तो पळतो. तीन-चार वर्षांनी रडायला लागतो. बटण दाबावं, चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडदा उजळतो. मग दुरुस्तीवाला भाऊ येतो आणि सांगतो, "ताई, रजिस्ट्री साफ करावी लागेल. दोन-चार सेटिंग बदलतो, मशीन नव्यासारखं पळेल." लिपिका ताई मग आम्हाला फोन करून विचारतात, पैसे द्यायचे का?

रजिस्ट्री म्हटलं की आपल्याला जमिनीची खरेदी आणि दुय्यम निबंधकाचं कार्यालय आठवतं. ही रजिस्ट्री ती नव्हे, पण तिची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. तीसुद्धा नोंदींची वहीच आहे, फक्त संगणकाच्या पोटात असते. तिचा इतिहास कळला की पैसे द्यायचे की नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

गोष्ट १९९२ सालापासून सांगते, कारण ते साल आपल्याही घरचं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत नाबार्डने देशात ५०० बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. घरदार, शेत, दागिना असं काही तारण नसलेल्या बायकांना बँकेने कर्ज द्यायचं ते कशाच्या भरवशावर? तर गटाच्या एकजुटीच्या आणि गटाच्या वहीच्या. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड ही चार सूत्रं झाली की पाचवं येतं, लेखे अद्ययावत ठेवणं. पहिली चार सूत्रं पाळली जातात की नाही, हे बाहेरच्या माणसाला पाचव्यातूनच दिसतं.

त्याच १९९२ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज ३.१ बाजारात आणलं. विंडोज म्हणजे संगणक चालवणारा मूळ कारभारी. पडदा, कळफलक, छपाईयंत्र, कागदपत्रं या सगळ्यांचा मेळ तो घालतो. या ३.१ मध्ये पहिल्यांदा ‘रजिस्ट्री’ नावाची नोंदवही आली. आपल्या गटाची वही आणि संगणकाची वही, दोघी एका वर्षाच्या.

आधी चिठ्ठ्या होत्या

त्याआधी काय होतं? पहिलं विंडोज नोव्हेंबर १९८५ मध्ये आलं. तेव्हा कारभाऱ्याच्या आठवणी साध्या मजकुराच्या चिठ्ठ्यांत लिहिलेल्या असायच्या. या फायलींना आयएनआय फायली म्हणत. पडद्याचा रंग कोणता, छपाईयंत्र कोणतं, कोणता प्रोग्राम आधी उघडायचा, सगळं त्यात. साधा मजकूर असल्यामुळे कोणीही उघडून वाचू शकत होतं, ही त्यांची चांगली बाजू.

अडचण पुढे आली. नवा प्रोग्राम बसवला की तो त्याच चिठ्ठीत आपल्या चार ओळी लिहून जायचा. प्रोग्राम काढून टाकला तरी त्या ओळी तिथेच राहायच्या. काही प्रोग्राम आपली वेगळी चिठ्ठी करायचे आणि ती भलत्याच कोपऱ्यात ठेवून द्यायचे. त्यात एका चिठ्ठीला ६४ केबी म्हणजे साधारण पासष्ट हजार अक्षरांची मर्यादा होती. शिवाय एका संगणकावर दोन माणसं काम करत असली, तर कोणती आवड कोणाची हे चिठ्ठीला कळत नसे.

सुरुवातीच्या गटांचा हिशोब आठवा. बचत एका कागदावर, कर्ज दुसऱ्यावर, दंड कोणाच्या तरी डोक्यात. दहा बायका आणि दहा रुपये असेपर्यंत ते चालतं. व्यवहार वाढला की रजिस्टर लागतंच. विंडोजचंही तसंच झालं.

वही मोठी होते

१९९२ ची रजिस्ट्री लहान होती. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची, एवढीच मुख्य नोंद तिच्यात असायची. जुलै १९९३ मध्ये कंपन्या-कार्यालयांसाठी विंडोज एनटी आलं, त्यात ही वही पूर्ण वाढलेली होती. घराघरात ती पोहोचली २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ मुळे. त्यात वहीचे दोन मुख्य भाग होते. एका फाइलीत यंत्राच्या नोंदी, दुसरीत वापरणाऱ्या माणसाच्या.

ही विभागणी आपल्याला लगेच समजेल. गटाचं एक रजिस्टर असतं, ते सगळ्यांचं. आणि प्रत्येक बाईचं आपलं पासबुक असतं. रजिस्ट्रीतही ‘लोकल मशीन’ नावाची शाखा आहे, ते गटाचं रजिस्टर. ‘करंट युजर’ नावाची शाखा आहे, ते सदस्याचं पासबुक. अध्यक्षा ताईंनी पडद्यावर नातवाचा फोटो लावला, तर लिपिका ताईंच्या पडद्यावर तो दिसत नाही. ज्याची नोंद त्याच्या पासबुकात.

या वहीच्या फायलींना इंग्रजीत ‘हाइव्ह’ म्हणतात, म्हणजे मधमाश्यांचं पोळं. असं नाव का? मायक्रोसॉफ्टचे जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांनी सांगितलेला किस्सा आहे. एनटी तयार करणाऱ्यांतल्या एकाला मधमाश्या अजिबात आवडायच्या नाहीत. त्याची गंमत करायला वही लिहिणाऱ्याने जागोजागी मधमाश्यांचे शब्द पेरले. फाइल म्हणजे पोळं, आतला कप्पा म्हणजे पोळ्याचं घर. सातपुड्यातल्या बायांना सांगायला नको की पोळ्यात हात घालायचा तर काय तयारी लागते. नाव गमतीने पडलं, पण शोभलं.

दुसरी प्रत

एकाच वहीत सगळं आलं, तशी एक भीतीही आली. पूर्वी एक चिठ्ठी फाटली तर एक प्रोग्राम बिघडायचा. आता वहीचं महत्त्वाचं पान खराब झालं तर संगणक सुरूच होत नाही. एक आकडा चुकला तरी पुरतं.

याचा अर्थ आपल्या जिल्ह्याला वेगळा समजवावा लागणार नाही. देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. पहिला क्रमांक मिळाला तो गावातल्या रंजना सोनवणे यांना. तेव्हापासून आपण सगळ्याच एका मोठ्या नोंदवहीत आहोत. आधारवर नाव एक आणि बँकेत दुसरं, एका वेलांटीचा फरक, की पैसे अडकतात. बाई तीच, तिचे हात तेच, पण नोंद जुळत नाही. म्हणून नोंदीला हात कोण लावतो, आधी प्रत ठेवली का, हा प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटत नाही.

मायक्रोसॉफ्टलाही हे हळूहळू उमगलं. विंडोज ९५ दर वेळी नीट सुरू झालं की वहीची एक प्रत बाजूला ठेवायचं. पण एकच प्रत. बिघाड लक्षात यायच्या आत तीही बिघडलेल्या वहीवरून निघाली तर उपयोग काय? म्हणून १९९८ च्या विंडोज ९८ ने रोज एक अशा पाच प्रती ठेवायला सुरुवात केली. पुढे विंडोज एमई आणि एक्सपीत ‘सिस्टिम रिस्टोर’ आलं. त्यात एखाद्या तारखेची खूण करून ठेवायची आणि बिघडलं तर त्या तारखेला परत जायचं. २०१८ मध्ये मात्र उलटं घडलं. विंडोज १० ने जागा वाचवण्यासाठी वहीची वेगळी प्रत आपोआप ठेवणं बंद केलं. रिस्टोरची खूण वापरा, असं कंपनी सांगते. ती सोय तुमच्या संगणकात चालू आहे का, हे मात्र आपणच बघायचं.

सेटिंग बदलून वेग वाढतो का?

आता मूळ प्रश्नाकडे येते. विंडोज ९५ आलं तेव्हा संगणकाची मेमरी फार थोडी होती. किमान ४ एमबी, आणि बरं चालायला ८ एमबी. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा, आणि हार्ड डिस्क म्हणजे मागची धान्याची कोठी. ओटा लहान असला की एक भांडं ठेवायला दुसरं उचलावं लागतं, दर वेळी कोठीत जावं लागतं, आणि कोठीत जाण्यात वेळ जातो. अशा चिंचोळ्या ओट्यावर वहीसुद्धा जागा खायची. तिच्यात रिकामी, पोकळ जागा फार झाली तर ती आवळून बसवण्याचं काम विंडोज ९८ स्वतःच करायचं. विंडोज २००० पर्यंत वहीच्या आकारालाही मर्यादा होती. म्हणजे वही आटोपशीर ठेवा, या सल्ल्यात त्या काळी तथ्य होतं.

मायक्रोसॉफ्टने त्या काळात रेगक्लीन नावाचा वही साफ करणारा प्रोग्रामही दिला होता. पुढे कंपनीने तो काढून घेतला. आज कंपनीचं म्हणणं स्पष्ट आहे की असे रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम वापरायला ती पाठिंबा देत नाही, आणि त्यामुळे झालेला बिघाड दुरुस्त होईल याची हमीही देत नाही.

विंडोज ९५ च्या काळात कंपनीतल्याच प्रोग्रामरांनी ट्वीक यूआय नावाचं एक साधन दिलं होतं. वहीतल्या काही नोंदी त्यातून सोप्या रीतीने बदलता यायच्या. तिथून सेटिंग बदलण्याचा छंद पसरला. त्यातली एक नोंद आजही दुरुस्तीवाल्यांची आवडती आहे, ‘मेन्यू शो डिले’. एखाद्या यादीवर बाण नेला की तिची पोटयादी उघडायच्या आधी विंडोज ४०० मिलिसेकंद थांबतं, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. हात चुकून फिरला तर उगाच याद्या उघडू नयेत, म्हणून ही वाट बघणं मुद्दाम ठेवलेलं आहे. ती ४०० ची नोंद शून्य केली की यादी पटकन उघडते आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, पळायला लागला! पण आतलं काम तेवढ्याच वेगाने चालतं. एसटीच्या कंडक्टरने दार आधी उघडलं म्हणून गाडी शहाद्याहून नंदुरबारला लवकर पोहोचत नाही.

२००१ हे साल इथे महत्त्वाचं आहे. त्या वर्षी विंडोज एक्सपी आलं, आणि त्याच वर्षी आपल्याकडे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. त्यांच्या एमएस-सीआयटी कोर्समुळे तालुक्याच्या गावांतल्या मुलामुलींनी पहिल्यांदा माउस हातात धरला. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायचं, म्हणून आपल्यातल्याही कितीतरी जणींनी तो कोर्स केला. पुढे २०११ मध्ये संग्राम प्रकल्पातून संगणक ग्रामपंचायतीत पोहोचला. संगणकाशी आपली ओळख झाली ती अशी, एक्सपीच्या काळात.

आणि एक्सपीनेच वहीच्या आकाराची जुनी मर्यादा काढून टाकली. वही मेमरीत ठेवायची पद्धतही बदलली, लागेल तेवढाच भाग वर आणायचा. म्हणजे रजिस्ट्री साफ करण्याचा सल्ला आपल्याकडे पोहोचला, तेव्हा त्याचं कारण जवळपास संपलेलं होतं. घरात गॅस आला तरी सरपण वाळवायचा सल्ला चालूच राहावा, तसं हे झालं.

वहीत जुन्या नोंदी असल्या तर संगणक मंद होत नाही का? नाही, आणि का नाही ते समजून घ्या. तुम्ही सदस्याचं कर्ज बघायला रजिस्टर उघडता तेव्हा पहिल्या पानापासून वाचत जाता का? नाही. नावाचं पान काढता. रजिस्ट्रीही तशीच आहे. शाखा, उपशाखा, कप्पा असा पत्ता धरून संगणक थेट नोंदीपाशी जातो. गट सोडून गेलेल्या बाईचं पान वहीत राहिलं म्हणून आजची बैठक लांबत नाही. हजारो नोंदींतल्या शे-दोनशे खोडल्या तर फरक जाणवत नाही. खोडताना कामाची एक जरी गेली, तर मात्र लगेच जाणवतो.

एक्सपीच्या काळातले आणखी दोन समज आजही फिरतात. पहिला असा, की विंडोज तुमच्या इंटरनेटचा २० टक्के वेग राखून ठेवतं, वहीत ती नोंद शून्य करा. मायक्रोसॉफ्टने खुलासा केला होता की एखाद्या प्रोग्रामने खास मागणी केली तरच ती जागा राखली जाते, एरवी पूर्ण वेग सगळ्यांना मिळतो. दुसरा समज म्हणजे ‘प्रीफेच’ नावाचा फोल्डर रिकामा करा. त्या फोल्डरात प्रोग्राम लवकर सुरू व्हावेत म्हणून विंडोजने ठेवलेल्या खुणा असतात. त्या पुसल्या की पुढच्या वेळी उलट उशीरच होतो.

भीतीचा धंदा

इथवर सगळा छंदाचा मामला होता. पुढे त्याचा धंदा झाला. पडद्यावर अचानक लाल अक्षरं येतात, "तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले, आत्ता दुरुस्त करा", आणि पैसे मागितले जातात. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण आयोगाने, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनने, विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर अशा नावांनी खोट्या तपासण्या दाखवणाऱ्यांविरुद्ध न्यायालयातून आदेश मिळवला. दहा लाखांहून जास्त ग्राहक फसल्याचं आयोगाने सांगितलं.

मार्च २०१९ चं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. अमेरिकेतली ऑफिस डेपो ही दुकानांची मोठी साखळी संगणकाची ‘मोफत तपासणी’ करायची. आयोगाचा आरोप असा होता की तपासणीआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे, संगणक मंद झालाय का वगैरे. एकालाही ‘हो’ अशी खूण झाली की तपासणीत काहीही निघो, दोष आहे असंच उत्तर यायचं, आणि मग दुरुस्तीचे पैसे. ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि तो प्रोग्राम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. संगणक मंद झालाय म्हणूनच माणूस दुकानात जातो, त्यामुळे त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारच. मार्च २०१८ पासून तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सुरक्षा साधन घाबरवून पैसे मागणारे असे ‘सफाई’ प्रोग्राम नको असलेले ठरवून काढून टाकतं.

शिकलेल्या, श्रीमंत देशातली माणसं फसली, तेव्हा आपल्याला ‘संगणकातलं काय कळतं’ म्हणून कोणी कमीपणा देण्याचं कारण नाही. तपासणी करणारा आणि औषध विकणारा एकच असला की दोनदा विचारायचं, एवढं आपल्याला बाजारात रोज कळतं.

मग संगणक मंद का होतो?

कारणं साधी असतात. ओटा लहान पडतो. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी मेमरी लागायची, एक्सपीला ६४ एमबी, विंडोज ७ ला १ जीबी, विंडोज ११ ला ४ जीबी. कारभारी जाड होत गेला आणि यंत्र तेच राहिलं. जुनी फिरती हार्ड डिस्क असली तर कोठीच लांब असते. तिच्या जागी एसएसडी बसवली तर फरक डोळ्यांनी दिसतो. डिस्क गच्च भरलेली असते. दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात. आतल्या पंख्यावर धूळ बसून यंत्र तापतं, आणि तापलं की आपला वेग आपणच कमी करतं.

आणखी एक कारण खरोखर वहीत असतं. संगणक सुरू होताच कोणते प्रोग्राम आपोआप उघडायचे, याची यादी रजिस्ट्रीत ‘रन’ नावाच्या कप्प्यात असते. बैठक सुरू व्हायच्या आधीच वीस पाहुणे येऊन बसावेत, तसं होतं. ही यादी कमी केली तर संगणक लवकर सुरू होतो, पण त्यासाठी पोळ्यात हात घालावा लागत नाही. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ नावाचं पान आहे. तिथे नको तो प्रोग्राम बंद करायचा. चुकलं तर परत चालू करता येतो, पैसे लागत नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. त्यामुळे आता कोणीतरी म्हणेल, "वहीत एक नोंद बदलून जुन्याच मशीनवर विंडोज ११ बसवून देतो." तसं करता येतं, पण यंत्र त्या लायकीचं नसेल तर बसवू नका, असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते. गटाचे पैसे, गटाच्या नोंदी ज्या यंत्रावर आहेत, तिथे असले प्रयोग नकोत.

ठराव करून ठेवा

आता आपले लेखे लोकोस ॲपवर जातात, तरी बैठकींचे फोटो, पत्रव्यवहार, जुने हिशोब, उद्योगाची बिलं कार्यालयातल्या संगणकातच असतात. यंत्र नवीन घेता येतं. सात वर्षांचा हिशोब गेला तर तो कोणत्या दुकानातून आणणार? बऱ्याच गावांत पूर्वी गटाची वही कोणाचा तरी मुलगा नाहीतर दीर लिहायचा. आकडा विचारायला बायकांना त्याच्या दारात जावं लागायचं. वही आपल्या हातात यायला वर्षं गेली. संगणकाची वही पुन्हा ‘त्या भाऊला कळतं’ म्हणून दुसऱ्याच्या हातात सोडून द्यायची नाही.

म्हणून ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहा. संगणक दुरुस्तीला देण्याआधी सगळ्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर नाहीतर बाहेरच्या डिस्कवर काढायची, आणि ती दुसऱ्या घरी ठेवायची. रिस्टोरची खूण करून घ्यायची. दुरुस्ती लिपिका ताईंच्या समोर व्हायची. काय बदललं ते भाऊने मराठीत लिहून सही करायची. रजिस्ट्री बदलतो म्हणाला तर विचारायचं, कोणती नोंद, आधी काय होतं, आता काय केलं, आणि परत कसं आणायचं? ज्याला खरंच कळतं तो ही चार उत्तरं देईल, आणि आधी प्रत काढेल. जो चिडेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

फोनवरून कोणी "तुमचा संगणक बिघडलाय, आम्ही इथून दुरुस्त करतो" म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा. लाजत बसण्यात वेळ घालवू नका.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर मेमरी वाढवायला, एसएसडी घ्यायला, धूळ काढायला करा. त्याचं बिल मिळतं, वस्तू दिसते, आणि लेखापरीक्षणात दाखवता येते.